माइकच्या उंचीवर

“अजून एक लावू का, मास्तर?”

तायडे मास्तर गप्प.

हेमकांतनं वाट पाहिली. मग ओरडूनच विचारलं, “मास्तर! अजून एक बूस्टर लावू का?”

“पहिल्यांदाच ऐकलं होतं,” मास्तर म्हणाले. “हो म्हणावं की कानाखाली द्यावी, ते ठरवत होतो.”

“मग काय ठरलं?”

“लाव. फिटू दे हौस.”

हेमकांत खाली वाकला आणि तिसरी डबी वायरीत जोडू लागला.

बूस्टर म्हणजे पायानं दाबायची लहानशी डबी. गिटारीचा आवाज ॲम्पात, म्हणजे तो मोठा करणाऱ्या खोक्यात, शिरायच्या आधी तिच्यातून जातो आणि ती त्याला मागून ढकलते. हेमकांतची एक डबी आवाज नुसता वाढवायची, दुसरी त्याला धार काढायची, तिसरी त्याचं पोट फुगवायची. पुण्याहून येताना पिशवी भरून आणली होती त्यानं. कपडे मात्र एका दिवसाचेच.

भुसावळात, रेल्वे यार्डाच्या मागच्या अंगाला मास्तरांचं घर. घराच्या मागच्या खोलीत हे सगळं चाललेलं. भिंतींना गोधड्या टांगलेल्या, आवाज घुमू नये म्हणून. फरशीवर मास्तरांचा जुना ॲम्प. ॲम्पाच्या तोंडाशी, वीतभर अंतरावर, माइक. माइकची वायर आवाज कमीजास्त करायच्या एका डब्यातून हेमकांतच्या लॅपटॉपात. बाहेर भादव्याचं मळभ. दुपार असून दिवा लावावा लागलेला.

मास्तरांनी जवानीत एक धून बांधली होती. धाकटा भाऊ तापानं गेला, त्या साली. ऑर्केस्ट्रा जत्रांमधून फिरायचा. मध्ये गायिका घसा ओला करायला आत गेली, की मास्तर इलेक्ट्रिक गिटार घेऊन एकटे पुढं यायचे आणि ती धून वाजवायचे. तिला नाव नव्हतं. लोक म्हणायचे, “मास्तर, ती रडकी लावा.”

कुणी ती टेप केली नाही. तेव्हा कुणाला वाटलं होतं की असलं काही संपतं म्हणून.

ऑर्केस्ट्रा मोडला. मास्तरांची बोटं संधिवातानं आखडली. उजवा कान केव्हाच गेला होता. रोज त्याच बाजूला ॲम्प ठेवून उभं राहिल्यावर दुसरं काय होणार? आता डावाही चालला होता. जळगावच्या डॉक्टरनं आडपडदा ठेवला नाही. म्हणाला, दिवाळीपर्यंत टिकला तर नशीब समजा. त्यानं कानात घालायचं मशीनही दिलं. मास्तरांनी ते एकदाच घातलं, आणि काढून कपाटात टाकलं. सगळं पत्र्यावर वाजवल्यासारखं येतं म्हणाले, बायकोचा आवाजसुद्धा.

ती धून खरी कशी वाजायची, हे सांगणारा एकच कान उरला होता, आणि तो विझत होता.

म्हणून हेमकांत धावत आला होता. हेमकांत बऱ्हाटे. शाळेत असताना याच खोलीत शिकला. पुढं पुण्यात गेला, लोकांच्या गाण्यांत गिटार वाजवून नाव काढलं. तिकडं त्याला ‘सर’ म्हणतात. सर म्हणवून घेणाऱ्याला एक रोग लागतो. जे आपल्याला येत नाही ते दुकानात मिळत असेल, असं त्याला वाटायला लागतं.

धुनेचे सूर त्याला पाठ होते. सूर काय, कुणालाही पाठ होतात. टोन, म्हणजे त्या सुरांचा पोत, सापडत नव्हता. मास्तरांनी एकदा ‘हेच’ म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं. मग ती धून टेपवर राहिली असती. नाही म्हटलं तर मास्तरांबरोबर ती गेली.

“चालू करतो,” हेमकांत म्हणाला.

मास्तर खुर्चीत बसले होते. ॲम्पाकडं डावं अंग, तोंड स्वयंपाकघराच्या दाराकडं. डावा कान ॲम्पाच्या बाजूला यावा म्हणून तसे बसले असतील, असं हेमकांतला वाटलं. दारात सिंधूबाई, मास्तरांची बायको, सूप पुढ्यात घेऊन शेंगा फोडत बसल्या होत्या.

“काकू, जरा शेंगा नंतर फोडाल का? माइक घेईल तो आवाज.”

“फोडू दे तिला,” मास्तर म्हणाले.

“अहो, पण...”

“फोडू दे.”

“ऐकलं का?” सिंधूबाई म्हणाल्या. “माझं काही सांगायचं असलं की यांना ऐकू येत नाही. तू माझ्यावर काही बोल, लगेच ऐकू येतं.”

हेमकांतनं तिन्ही डब्या पायानं दाबल्या आणि धून वाजवली. भिंतीवरच्या तसबिरी थरथरल्या. गोधड्यांमधून धूळ निघाली. शेवटचा सूर लांबला, लांबला, आणि ॲम्प कुत्र्यासारखा विव्हळत राहिला.

दारात शेंगा फुटत होत्या. कट... कट... कट.

मास्तरांनी मान हलवली. “नाही.”

“नाही म्हणजे काय नाही?”

“म्हणजे ते नाही.”

“अहो, काहीतरी सांगा ना! जाड आहे? पातळ आहे? धार कमी पडते?”

“घाबरलंय.”

“आवाज घाबरतो?”

“माणूस घाबरतो. आवाज ओरडतो.”

हेमकांतनं दात आवळले. पुण्यात याच डब्यांवर लोक जीव ओवाळून टाकत होते.

“तुमच्याकडं तेव्हा एक डबी होती,” तो म्हणाला. “त्या रेडिओवाल्या मोहसीनभाईनं बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात बनवून दिलेली. ती कुठाय? तिच्यातच काहीतरी असणार.”

“आहे की.” मास्तरांनी स्वयंपाकघराकडं हात केला. “तिच्यात मोहरी आहे.”

“मोहरी?”

“आतलं जळालं, म्हणून टाकून देत होते,” सिंधूबाई म्हणाल्या. “डबा चांगला होता. मी नाही टाकू दिला.”

मास्तर हसले. हेमकांत नाही हसला.

“मग तेव्हा तुम्हाला कसं कळायचं, टोन बरोबर लागला ते?”

“शेंगांवरून.”

“काय?”

“तंबूत लोक शेंगा फोडत बसायचे. नुसती कटकट. ती थांबली, की कळायचं.”

म्हातारा थट्टा करतोय, असं हेमकांतला वाटलं. त्यानं लॅपटॉपाकडं तोंड फिरवलं.

सिंधूबाई उठून त्याच्याजवळ आल्या. हळू आवाजात म्हणाल्या. तशी हळू बोलायची काही गरज नव्हती.

“हेमू, अजून मोठ्यानं लाव रे भाऊ. त्यांच्या कानात जाऊ दे. रात्री झोपेत बोटं हलवतात बघ... एकदा ऐकू दे त्यांना. मग पुन्हा कधी...”

पुढचं त्या बोलल्या नाहीत. दारात जाऊन बसल्या आणि सूप पुढं ओढलं.

हेमकांत तिन्ही डब्यांची बटणं पुढं सरकवू लागला. टोनसाठीच सरकवतोय, असं त्यानं स्वतःला सांगितलं. माणूस स्वतःला काय वाट्टेल ते सांगतो.

“घे,” मास्तरांनी हात वर केला. “वाजव.”

हेमकांतनं तारांवर हात ठेवला... आणि तसाच राहिला.

यार्डातून मालगाडी चालली होती. रिकाम्या वाघिणी खडखडत होत्या, खिडकीचं तावदान वाजत होतं. गाडी जाईपर्यंत वाजवायचं नाही, हा या खोलीचा जुना कायदा. पूर्वी कायदा पाळायला लावायचे ते मास्तरच. गाडी लांब पुलावर असतानाच बोट वर करायचे, “थांब, येतेय.” कुठलं इंजिन आहे तेसुद्धा सांगायचे. पोरं पैज लावून हरायची.

“अरे वाजव की,” मास्तर म्हणाले.

हेमकांतनं सिंधूबाईंकडं पाहिलं. सिंधूबाईंनी खाली सुपाकडं पाहिलं.

मास्तरांची नजर त्याच्या न हलणाऱ्या हातावर गेली. मग स्टुलावरच्या पेल्यावर. पेल्यातलं पाणी थरथरत होतं.

“गाडी आहे का?”

“...हो.”

“लांब असेल.”

“नाही मास्तर. इथंच आहे. खिडकीपाशी.”

“हं.”

गाडी जाता जात नव्हती. पेल्यातलं पाणी थांबलं, तेव्हा मास्तर म्हणाले, “गेली.”

हेमकांतनं गिटार वाजवली. आधीपेक्षा जोरात. इतक्या जोरात की त्याच्या स्वतःच्या छातीत धडधडलं.

कट... कट... कट.

“नाही.”

आता हेमकांतचं डोकं फिरलं. त्यानं गिटार भिंतीला टेकवली. “पुण्याहून इथवर आलो मी. हातातली कामं टाकून आलो. तुम्हाला हवं तरी काय आहे? आणि तुम्हाला... तुम्हाला ते नीट ऐकू तरी...”

तो थांबला. पण वाक्य तोंडाबाहेर पडलंच होतं. अर्धं पडलं काय आणि सगळं पडलं काय.

मास्तर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

“तू कुठून ऐकतोस?” त्यांनी विचारलं.

“म्हणजे?”

“डब्यांची बटणं फिरवतोस तेव्हा कुठं असतोस?”

“इथंच. उभा.”

“आणि माइक?”

हेमकांतनं माइककडं पाहिलं. माइक त्याच्या गुडघ्याच्याही खाली होता.

“जा. माइक आहे तिथं कान ने.”

“अहो मास्तर, मला माहितीये की जवळून आवाज जरा...”

“माहितीये ना? मग जा.”

हेमकांत पुढं जाऊन कमरेत वाकला.

“अजून.”

तो अजून वाकला.

“माइक वाकून ऐकतो का? गुडघे टेक.”

पुण्याच्या सरांनी फरशीवर गुडघे टेकले. मास्तर खुर्चीतून उठले आणि गिटार घेऊन पुन्हा बसले. वायर लांब होती.

“ॲम्पाचं मोठं बटण उतरव आधी. कान फोडून घेशील. घरात एक बहिरा पुरे.”

हेमकांतनं बटण उतरवलं आणि माइक बाजूला सारून तिथं कान नेला.

मास्तरांनी आखडलेल्या अंगठ्यानं एकच तार छेडली. मोकळी.

हेमकांत झटक्यानं मागं झाला. पत्र्यावर खिळा ओढावा तसा तो आवाज होता. वर कचकच, खाली गाळ. मध्ये तार कुठं होती ते कळतच नव्हतं. ज्या आवाजावर तो उभ्यानं खूश होता तो वरच्यावर, खोलीत, त्याच्या कानाच्या उंचीवर होता. माइकला तो कधी भेटलाच नव्हता.

“काय झालं?” मास्तरांनी विचारलं.

“घाण आहे.”

“हं. मग काढ एक.”

हेमकांत गुडघ्यांवर सरकत डब्यांपर्यंत गेला, तिसरी बंद केली, सरकत परत आला. मास्तरांनी तार छेडली.

“अजून घाण आहे.”

“काढ.”

पुन्हा गेला, पुन्हा आला.

“पण मास्तर, तुम्हीच शिकवलंत, ॲम्पाला मागून ढकलल्याशिवाय सूर लांबत नाही म्हणून.”

“उपाशी ॲम्पाला ढकलायचं. तुझा ॲम्प पोटभर जेवून बसलाय आणि तू त्याच्या तोंडात लाडू कोंबतोयस. त्यानं आवाज वाढत नाही लेका. ओकारी होते.”

हेमकांतनं राहिलेल्या एका डबीवर हात ठेवला. “हीसुद्धा काढू?”

“ती राहू दे. तिचं बटण मागं घे.”

“किती?”

“लाज वाटेल इतकं.”

हेमकांतनं बटण मागं घेतलं. मास्तरांनी गिटारीचं बटणही मागं घेतलं आणि तार छेडली.

हेमकांत फरशीवर हात टेकून तसाच राहिला.

आवाज लहान होता. पण त्यात तार होती. तारेवर अंगठा होता. अंगठ्याची खरखरीत कातडीसुद्धा होती. मास्तरांनी तीच तार जरा जोरात ओढली, तेव्हा सूर कडेला किंचित फाटला... रडं आवरणाऱ्या माणसाचा घसा फाटतो तेवढाच.

“आता?”

हेमकांतनं मान वर केली. “...आता माणूस आहे.”

मास्तरांनी त्याचे ओठ वाचले की काय कोण जाणे. त्यांनी गिटार पुढं केली. सिंधूबाई आत तव्यावर भाकर टाकून पुन्हा शेंगांपाशी येऊन बसल्या.

हेमकांतनं माइक जागेवर ठेवला, कानाला हेडफोन चढवला आणि ॲम्पापाशीच फरशीवर बसून धून वाजवली. जोर करायला जागाच नव्हती. बोट अलगद ठेवलं तर सूर अलगद यायचा, दाबलं तर कण्हायचा. काही लपत नव्हतं. एका ठिकाणी त्याचं बोट थरथरलं, तेही टेप झालं. ते पुसून पुन्हा वाजवावं असं त्याला वाटलं नाही.

मास्तरांनी त्याच्याकडं एकदाही पाहिलं नाही. ते दाराकडं पाहत होते.

शेवटचा सूर विरला. खोलीत काही म्हणजे काही वाजत नव्हतं. कटकटही नाही.

हेमकांतनं वळून पाहिलं. सिंधूबाईंच्या हातात एक शेंग होती. न फोडलेली. किती वेळ तशी धरली होती, त्यांनाच ठाऊक नसावं. आतून करपल्याचा वास आला, तेव्हा त्या भानावर आल्या.

“अगं बाई! माझी भाकर!”

त्या आत धावल्या. सूप तसंच राहिलं. आतून तवा आदळल्याचा आवाज आला, आणि मग बराच वेळ नळ वाहत राहिला. एका करपलेल्या भाकरीला एवढं पाणी लागत नाही.

“मास्तर,” हेमकांत म्हणाला.

मास्तरांनी पाहिलं नाही.

तो पुढं गेला, त्यांच्यासमोर येऊन बसला, बोलताना ओठ नीट हलवले. “मास्तर, ऐकलंत?”

“नाही.”

आज दिवसभर मास्तर नाहीच म्हणत होते. पण ही नाही वेगळी होती. आधी त्यांना ऐकू येत होतं आणि ते नको म्हणत होते. आता...

सापडला होता तो टोन. आणि ज्यानं ‘हेच’ म्हणायचं, त्याच्या कानापर्यंत तो जातच नव्हता. इतका लहान होता.

“थांबा,” तो घाईघाईनं म्हणाला. “थांबा जरा. हेडफोनवर ऐकवतो. हवा तितका वाढवतो आवाज. टेप झालंय ना, आता वाढवलं तरी टोन बिघडत नाही त्याचा.”

त्यानं स्वतःचा हेडफोन काढून मास्तरांच्या कानांना लावला, लॅपटॉपाशी जोडलेल्या डब्याचं गोल बटण त्यांच्या हाताशी ठेवलं आणि पार शेवटपर्यंत फिरवलं. धून सुरू केली. इतकी मोठी की हेडफोनच्या बाहेरही ती चिरचिरत ऐकू येत होती.

मास्तरांचा चेहरा आक्रसला. मशीन घालून बायकोचा आवाज ऐकला तेव्हा आक्रसला असेल तसा.

“येतंय ना ऐकू?” हेमकांत ओरडला.

मास्तरांनी त्या गोल बटणावर बोटं ठेवली. आखडलेली, गाठी आलेली बोटं. हळूहळू बटण मागं फिरवायला लागले. चिरचिर कमी झाली. अजून मागं... नाहीशी झाली. अजून मागं...

“मास्तर, फार उतरवताय. अहो, मलासुद्धा ऐकू येणार नाही.”

बटण पार मागं गेलं. लॅपटॉपावर धुनेची रेघ सरकत होती. हेडफोनमधून काही येत नव्हतं.

मास्तरांनी डोळे मिटले.

मांडीवर त्यांची बोटं हलू लागली. नीट हलत नव्हती, अर्ध्यात अडकत होती, पण जागा चुकत नव्हती. हेमकांत त्या बोटांकडं आणि पडद्यावरच्या रेघेकडं आळीपाळीनं पाहत राहिला. जिथं त्याचं बोट थरथरलं होतं, तिथं मास्तरांची बोटं थांबली. क्षणभर. मग पुढं निघाली.

पेल्यातलं पाणी पुन्हा थरथरायला लागलं. गाडी आली. खिडकी वाजत राहिली. मास्तरांना त्याचं काही नव्हतं.

पडद्यावरची रेघ संपली. मास्तरांची बोटं अजून चालली होती.

हेमकांत थांबला. आयुष्यात पहिल्यांदा असा थांबला असेल.

बोटं थांबली. मास्तरांनी डोळे उघडले, हेडफोन काढला, वायर नीट गुंडाळली, आणि दोन्ही हातांनी हेमकांतच्या मांडीवर ठेवला.

“मास्तर...” हेमकांतनं आवाज वाढवला नाही. नुसते ओठ हलवले. “बरोबर आलंय?”

मास्तरांनी दाराकडं पाहिलं. सुपात ती न फोडलेली शेंग पडली होती.

“मला ऐकू येत होतं,” ते म्हणाले, “तोवर चुकत होतं.”